जहाजावरच्या ट्रान्सफॉर्मरचा मेगर पुन्हा पुन्हा पडतो : भट्टीत घालण्याआधी धुवा

तक्रार नेहमी एकाच वाक्यात येते. "मॅडम, बंदरात चार दिवस थांबलो होतो, परत चालू करायला गेलो तर लायटिंग ट्रान्सफॉर्मरवर इन्सुलेशनचा अलार्म येतोय. दोन-तीन तास चालला की आपोआप जातो."

मेगरवर, म्हणजे इन्सुलेशनचा रेझिस्टन्स मोजणाऱ्या मीटरवर, आकडा पडलेला असतो, पण अलार्म आपोआप जातो, म्हणून जहाजावर कुणी त्याच्याकडे लक्ष देत नाही. जहाजाच्या लो व्होल्टेज वितरणात न्यूट्रल बहुधा जमिनीला जोडलेला नसतो, त्यामुळे पहिला अर्थ फॉल्ट झाला, म्हणजे एका जागी वीज बॉडीत झिरपली, तरी ब्रेकर पडत नाही. दिवे चालू राहतात. फक्त पॅनेलवरचा इन्सुलेशन मॉनिटर ओरडतो. ट्रान्सफॉर्मर स्वतःच्या उष्णतेने वाळतो आणि मॉनिटर गप्प होतो. पुढच्या थांब्यानंतर पुन्हा तेच. एक दिवस दुसऱ्या फेजवर, दुसऱ्या जागी इन्सुलेशन सुटतं आणि मग दोन अर्थ मिळून सरळ शॉर्ट होतो. हा दिवस येण्याआधी काय करायचं ते लिहिते आहे, कारण आम्ही स्वतः हे दोनदा चुकलो.

मी बडोद्याला मकरपुरा जीआयडीसीतल्या एका छोट्या कारखान्यात टेस्टिंग बघते. आम्ही ड्राय टाइप, म्हणजे तेलाऐवजी हवेने थंड होणारे, ट्रान्सफॉर्मर बनवतो आणि दुरुस्तही करतो. बहुतेक काम फॅक्टऱ्या आणि इस्पितळांचं असतं, अधूनमधून टग (मोठी जहाजं ओढणारी बोट), बार्ज, ड्रेजर यांचं. दहेजच्या बाजूला खंबातच्या आखातात काम करणाऱ्या एका टगचा ३० केव्हीएचा ट्रान्सफॉर्मर आमच्याकडे तीनदा परत आला. प्रायमरी (वीज आत येते ती बाजू) ४४० व्होल्ट, सेकंडरी (बाहेर जाते ती) २३० व्होल्ट, व्हॅक्यूम प्रेशर इम्प्रेग्नेशन केलेलं, म्हणजे निर्वात करून दाबाने रेझिन मुरवलेलं, तारेचं वाइंडिंग, आयपी २३ ची पेटी (आयपी म्हणजे पेटी बाहेरच्या वस्तू आणि पाणी किती अडवते त्याचा आकडा), जागा इंजिन रूम.

पहिल्या वेळी आला तेव्हा ५०० व्होल्टच्या मेगरवर प्रायमरी ते बॉडी ०.४ मेगओहम दिसत होतं. क्लास सोसायट्यांच्या (जहाजांना प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थांच्या) नियमात १००० व्होल्टपर्यंतच्या उपकरणाला किमान १ मेगओहम लागतो. आमचे वाइंडर काका चाळीस वर्षं हेच काम करताहेत. ते म्हणाले, "ताई, ओल धरलीय. भट्टीत घाला रात्रभर." घातला. सकाळी ५०० मेगओहमच्या वर. पाठवून दिला.

पाच महिन्यांनी परत आला. या वेळी आम्ही जास्त शहाणपणा केला. वाळवला आणि वर टर्मिनल बोर्डला (केबल जोडायच्या पट्टीला), वाइंडिंगच्या टोकांना, कोअरच्या (आतल्या लोखंडी गाभ्याच्या) कडांना लाल इन्सुलेटिंग व्हार्निशचे दोन हात मारले. दिसायला नवाकोरा झाला. मेगर उत्तम. हा तर तीनच महिन्यांत परत आला, आणि लाल रंगाला टर्मिनल बोर्डवर बारीक बारीक फोड आले होते.

मध्यंतरी एक गोष्ट घडली होती, तिच्यामुळे माझं डोकं चालू झालं. २०२४ च्या ऑगस्टअखेरीस विश्वामित्रीचं पाणी बडोद्यात शिरलं, ते इथल्या सगळ्यांच्या लक्षात आहे. पाणी ओसरल्यावर आमच्याकडे तळघरांतले, पार्किंगमधले ट्रान्सफॉर्मर रांगेने आले. काही तर पूर्ण बुडेपर्यंत पाण्यात होते. त्यांची अवस्था टगवरच्या ट्रान्सफॉर्मरपेक्षा कितीतरी वाईट होती. आम्ही त्यांना होजने धुतलं, वाळवलं आणि पाठवलं. त्यातला एकही मेगर पडला म्हणून परत आला नाही. मी काकांना विचारलं, "काका, पुरातून काढलेले टिकले आणि ज्याच्यावर पाण्याचा एक थेंब पडलेला नाही तो का टिकत नाही?" त्यांच्याकडेही उत्तर नव्हतं. उत्तर आमच्या हेल्परने दिलं. तिसऱ्या वेळी टर्मिनल बोर्डच्या मागच्या कोपऱ्यात त्याने बोट फिरवलं, बोटाला राखाडी-पांढरा थर लागला, तो त्याने जिभेला लावून पाहिला आणि म्हणाला, "बेन, आ तो मीठुं छे."

चिखल दिसत होता म्हणून आम्ही पुराचे ट्रान्सफॉर्मर धुतले. मीठ दिसत नव्हतं म्हणून टगचा ट्रान्सफॉर्मर न धुताच वाळवला. भट्टीत पाणी उडून जातं, मीठ जागच्या जागी राहतं. (हेल्परसारखं जिभेने तपासू नका. व्हार्निशची पूड, तांब्याचा गंज, काय काय असतं त्या थरात.)

मीठ आणि हवेतली ओल

घरात पावसाळ्यात खडेमिठाच्या बरणीला पाणी सुटतं, हे सगळ्यांना माहीत आहे. शुद्ध सोडियम क्लोराइड हवेतली सापेक्ष आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की ओल ओढून विरघळू लागतं. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियम क्लोराइडही असतं, आणि ते ३३ टक्क्यांच्या आसपासच ओल ओढायला लागतं. समुद्रावरची हवा इतकी कोरडी क्वचितच होते. म्हणजे वाइंडिंगवर एकदा मिठाचा थर बसला की तो जवळजवळ कायम ओलसर राहतो. ट्रान्सफॉर्मर चालू असताना गरम पृष्ठभागावर तो सुकतो, बंद झाला की पुन्हा ओला होतो. अलार्म चालू केल्यावर का येतो आणि दोन तासांनी का जातो, ते यातूनच कळतं.

आमच्या शेडमध्ये हा दोष का सापडला नाही, तेही यातच आहे. बडोद्याची मे महिन्यातली दुपार आठवा. हवा इतकी कोरडी असते की मिठाचा थरही सुकून जातो. भट्टीतून काढलेल्या गरम ट्रान्सफॉर्मरचं तर विचारूच नका. आम्ही जो आकडा टेस्ट रिपोर्टवर लिहीत होतो तो खरा होता, पण आमच्या शेडपुरता.

दोष पृष्ठभागावर आहे की आत?

भट्टी पेटवण्याआधी हे ठरवायचं. एकदा वाळवलं की पुरावा गेला.

ट्रान्सफॉर्मर आला की पेटीचं कव्हर काढायच्या आधी फोटो, मग खोलीचं तापमान आणि आर्द्रता लिहून घ्यायची, मग आहे त्या अवस्थेत मेगर. तापमान लिहिणं टाळू नका. इन्सुलेशन रेझिस्टन्स दर १० अंश सेल्सिअस वाढीला ढोबळमानाने निम्मा होतो, त्यामुळे गरम ट्रान्सफॉर्मरचा आकडा आणि थंड ट्रान्सफॉर्मरचा आकडा शेजारी ठेवून काही कळत नाही. जहाजावरच तपासत असाल तर आधी दोन्ही बाजूंच्या केबल सोडा. ग्लँडमधून (केबल पेटीत घेणाऱ्या बुचातून) पाणी शिरलेली केबल आणि मिठाने माखलेला ट्रान्सफॉर्मर मेगरवर सारखेच दिसतात.

मग मेगरचं तिसरं टर्मिनल वापरा, ज्याच्यावर जी किंवा गार्ड लिहिलेलं असतं. मी कित्येक टेस्टर असे पाहिले आहेत की त्यांचं ते टर्मिनल डब्यातून आलं तसं कोरं आहे. लाइनची तार वाइंडिंगला (तिन्ही टोकं एकत्र बांधून), अर्थची तार कोअरला. आता टर्मिनल बोर्डवर स्टड आणि बोर्ड बसवण्याचे बोल्ट यांच्या मधून उघड्या तांब्याच्या तारेचा वेढा घ्या, तो बोर्डला घट्ट टेकला पाहिजे, आणि गार्डला जोडा. कॉइल आणि कोअर यांच्यामध्ये जे आधाराचे ठोकळे असतात त्यांनाही असाच वेढा. पृष्ठभागावरून वाहणारा करंट आता गार्डमधून परत जातो आणि मीटर तो मोजत नाही. मीटरवर उरतं ते इन्सुलेशनच्या आतून जाणारं.

आमच्या टगच्या ट्रान्सफॉर्मरवर गार्डशिवाय ०.६ मेगओहम होतं. गार्ड लावल्यावर काटा १८० वर गेला. वाइंडिंग आतून ठणठणीत होतं. दोन वेळा आम्ही ज्याला ओल धरलेलं वाइंडिंग समजत होतो, तो टर्मिनल बोर्डवरचा आणि ठोकळ्यांवरचा एक पातळ थर होता.

गार्ड लावूनही आकडा हलला नाही, तर गोष्ट वेगळी. मग ओल आत गेलेली आहे किंवा रेझिनला तडा आहे. त्याला धुण्याने काही होणार नाही.

थर मिठाचाच आहे की नुसती धूळ, हे बघायला महागडं काही लागत नाही. घरातल्या आरओ फिल्टरचं पाणी तपासणारा माणूस खिशात टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा) घेऊन येतो ना, तोच. १० सेंटिमीटर बाय १० सेंटिमीटर जागा निवडा. १०० मिलिलिटर डिस्टिल्ड वॉटर घ्या, त्याचं टीडीएस लिहा. स्वच्छ कापूस त्यात बुडवून ती जागा तीन-चारदा पुसा, कापूस त्याच पाण्यात पिळा, पुन्हा टीडीएस घ्या. हातमोजे घाला, कारण हाताच्या घामातही मीठ असतं. आमचं पाणी आधी ३ पीपीएम होतं, पुसल्यावर ६० झालं. म्हणजे १०० चौरस सेंटिमीटरवर साधारण ५.७ मिलिग्रॅम, चौरस मीटरला ५७० मिलिग्रॅम. तुलनेसाठी सांगते, जहाजांच्या बॅलास्ट टाक्यांना (तोल राखायच्या पाण्याच्या टाक्यांना) रंग देण्याआधी लोखंडावर किती क्षार चालतील याची आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेच्या मानकातली मर्यादा चौरस मीटरला ५० मिलिग्रॅम आहे. त्या दसपट मिठावर आम्ही लाल व्हार्निश मारलं होतं. खालच्या मिठाने व्हार्निशमधून ओल ओढली आणि फोड आले. ही टीडीएसची पद्धत ढोबळ आहे, पण हो-नाही ठरवायला पुरते.

धुणं

थिनरने पुसू नका. पेट्रोलियम सॉल्व्हंटमध्ये मीठ विरघळत नाही, ते फक्त इकडचं तिकडे पसरतं. कॉन्टॅक्ट क्लीनरचे स्प्रे मारून जहाजावर जे "साफ" केलं जातं त्याचंही तेच. तेल, काजळी असेल तर आधी त्यासाठी सॉल्व्हंट वापरा, पण मिठाला पाणीच लागतं.

नळाचं किंवा बोअरचं पाणी नको, त्यात स्वतःचे क्षार असतात. आम्ही डीएम वॉटरचे, म्हणजे क्षार काढलेल्या पाण्याचे, कॅन आणतो, तेच जे बॅटरीत घालतात. कोमट करायचं, हाताला सोसेल इतपत, आणि कमी दाबाने वरून खाली सोडायचं. प्रेशर वॉशर कटाक्षाने टाळा, तो पाणी जिथे जायला नको तिथे घुसवतो. मऊ ब्रशने ठोकळ्यांच्या मागची बाजू, लीड्सच्या खालची बाजू, टर्मिनल बोर्डची पाठ. मीठ सगळ्यात जास्त सापडतं ते थंड हवा जिथून आत येते त्या खालच्या भागात आणि आडव्या पृष्ठभागांवर. खाली ट्रे ठेवा आणि ट्रेमधल्या पाण्याचं टीडीएस मोजत राहा. ओतलेल्या पाण्याच्या आकड्याच्या जवळ आलं की थांबायचं. आम्हाला पाच वेळा धुवावं लागलं. चौथ्या वेळेपर्यंत डोळ्यांना ट्रान्सफॉर्मर लख्ख दिसत होता, मीटर मात्र अजून मीठ दाखवत होता.

हे कास्ट रेझिनला (रेझिनमध्ये ओतून बंद केलेल्या वाइंडिंगला) आणि नीट इम्प्रेग्नेशन झालेल्या वाइंडिंगला चालतं. जुना, कागदी इन्सुलेशनचा, फक्त ब्रशने व्हार्निश मारलेला ट्रान्सफॉर्मर असा धुऊ नका. त्याला ओल्या कापडाने पुसणं एवढंच करता येतं, आणि बहुधा नवं वाइंडिंगच लागतं.

मग भट्टी. लगेच, त्याच दिवशी, नाहीतर कोअरच्या कडांना गंज चढतो. तापमान हळूहळू ८०-९० अंशांपर्यंत. तासातासाला मेगर घ्या. आकडा आधी खाली जाईल, कारण गरम होतंय. मग ओल निघेल तसा वर चढेल, मग स्थिर होईल. स्थिर झाल्यावर आणखी काही तास ठेवून बंद करा. खोलीच्या तापमानाला आल्यावरचा आकडा रिपोर्टवर लिहायचा. व्हार्निशचा हात द्यायचा असेल तर तो आता, टीडीएस तपासून झाल्यावर.

हीटर कुठून जोडलाय ते बघा

आता मुळाशी येते. हा दोष आमच्या कारखान्याचा होता आणि तो मी लपवणार नाही.

पेटीत दमटपणा घालवणारा हीटर होता. आम्हीच बसवलेला. टगचा इलेक्ट्रिशियन फोनवर सांगायचा की हीटर चालतो, हात लावला तर गरम लागतो. मी एका थांब्यात स्वतः दहेजला गेले. टग किनाऱ्याला, जनरेटर बंद, ट्रान्सफॉर्मर बंद, आणि हीटर थंडगार. सर्किट पाहिलं तर हीटरची वीज याच ट्रान्सफॉर्मरच्या २३० व्होल्ट सेकंडरीवरून घेतलेली. ऑर्डरच्या वेळी वेगळी सप्लाय मिळणार नाही असं सांगण्यात आलं होतं आणि आमच्याकडून जागच्या जागी जोडून दिलं गेलं. ट्रान्सफॉर्मर चालू असताना, गरज नसताना, हीटर चालायचा. ट्रान्सफॉर्मर बंद झाला, गार पडू लागला, की ज्या क्षणी हीटर हवा त्याच क्षणी तोही बंद.

उन्हाळ्यात तांब्यात थंड पाणी भरलं की त्याला बाहेरून घाम येतो. बंद ट्रान्सफॉर्मरच्या कोअरला तसाच घाम येतो. हवा ३० अंशांवर आणि आर्द्रता ८५ टक्के असेल तर दवबिंदू, म्हणजे हवेतली ओल पाणी होऊन बसू लागते ते तापमान, २७ अंशांच्या आसपास असतो. रात्रभर गार झालेलं शेकडो किलो लोखंड सकाळी २६ अंशांवर असेल आणि वर दमट हवा फिरली, की पाणी सुटलंच. पेटी कितीही चांगली असो.

दुरुस्ती अशी केली. हीटरला किनाऱ्याच्या सप्लायवरही जिवंत राहणाऱ्या बोर्डवरून स्वतंत्र फीडर दिला. ट्रान्सफॉर्मरच्या ब्रेकरचा नॉर्मली क्लोज्ड ऑक्झिलरी कॉन्टॅक्ट त्यात घेतला, म्हणजे ब्रेकर उघडला की हीटर आपोआप चालू. पेटीच्या दारावर ठळक पाटी लावली की आत दोन ठिकाणांहून वीज येते. ही पाटी विसरू नका, ब्रेकर पाडून निर्धास्तपणे हात घालणाऱ्याचा जीव जाईल. आणि कुणी सोय म्हणून किनाऱ्याची २३० व्होल्ट सप्लाय सेकंडरीच्याच टर्मिनलवर जोडून हीटर चालवायला गेला तर ट्रान्सफॉर्मर उलटा चालतो आणि प्रायमरीवर ४४० व्होल्ट येतात. हे मी पाहिलेलं आहे.

हीटर पुरेसा आहे का हे बघायला दोन थर्मामीटर लागतात, एक पेटीत आणि एक बाहेर. आतलं तापमान बाहेरच्यापेक्षा ५ अंश जास्त राहिलं पाहिजे. ३० अंशांची ९० टक्के आर्द्रतेची हवा ३५ अंशांपर्यंत तापवली की तिची आर्द्रता ६८ टक्क्यांवर येते. घाम सुटणं थांबतं. पण हा आकडा ३३ च्या बराच वर आहे, म्हणून मीठ तसंच ठेवून नुसता हीटर दुरुस्त केला असता तर अलार्म पुन्हा आला असता. आधी धुणं, मग हीटर, दोन्ही.

पेटी आणि आयपीचा आकडा

"आयपी ४४ घेतली तर प्रश्न सुटेल का?" हा प्रश्न मला दर वेळी विचारला जातो.

आयपीचा पहिला आकडा घन वस्तू किती आत जाईल ते सांगतो, दुसरा पाणी. आयपी २३ म्हणजे १२.५ मिलिमीटरपेक्षा मोठं काही आत जाणार नाही आणि उभ्या रेषेपासून ६० अंशांपर्यंत तिरकस फवारा सोसेल. आयपी ४४ म्हणजे १ मिलिमीटर आणि सगळ्या बाजूंनी उडणारं पाणी. आयपी ५६ म्हणजे धुळीपासून बचाव आणि जोरदार झोत, तपासताना मिनिटाला १०० लिटरचा. यातल्या एकाही चाचणीत खारं पाणी नाही, दव नाही, गंज नाही. ते आयपीचं कामच नाही. मिठाचे सूक्ष्म थेंब थंड करणाऱ्या हवेबरोबर जाळीतून आत जातात, आणि ती हवा तर आपल्यालाच आत हवी असते.

जागेप्रमाणे पेटी निवडायची हे मात्र खरं. इंजिन रूममध्ये जमिनीच्या वर, पाणी उडत नसेल तिथे आयपी २२ पासून चालतं. आग विझवणाऱ्या पाण्याच्या फवाऱ्याच्या टापूत असेल तर आयपी ४४. उघड्या डेकवर आयपी ५६. बंद पेटी घेतली की उष्णता आत कोंडते, त्यामुळे त्याच ट्रान्सफॉर्मरमधून कमी केव्हीए मिळतं. वर जहाजावर भोवतालचं तापमान ४५ अंश धरतात, जमिनीवरच्या मानकात कमाल ४० असतं. म्हणजे वाइंडिंगला चालणाऱ्या तापमानवाढीतून ५ अंश तिथेच गेले. जमिनीवर चालणारं डिझाइन उचलून बंद पेटीत कोंबलं की वाइंडिंग भाजणार.

टगवर आम्ही पेटी बदलली नाही. जाऊन पाहिलं तेव्हा मिठाचं खरं कारण डोक्यावर होतं. व्हेंटिलेशनच्या ब्लोअरचं तोंड नेमकं ट्रान्सफॉर्मरच्या वर उघडत होतं आणि डेकवरची खारी हवा थेट त्याच्यावर आदळत होती. दोन मीटर बाजूला जागा होती. डक्टला एक वळण दिलं, पेटीच्या खालच्या जाळीला धुता येणारा फिल्टर लावला, आणि केबल जिथून येतात ती तळाची ग्लँड प्लेट, जी बसवताना कापून अर्धी उघडी ठेवली होती, ती नीट बंद केली. फिल्टर लावल्यावर पूर्ण लोडवर वाइंडिंगचं तापमान पुन्हा मोजलं, कारण चोंदलेला फिल्टर म्हणजे बंद पेटीच.

नवा ट्रान्सफॉर्मर मागवताना एक शब्द अवश्य लिहा, पर्यावरण वर्ग. आयईसी ६००७६-११ या ड्राय टाइपच्या मानकात ई० म्हणजे दव नाही, ई१ म्हणजे अधूनमधून दव, ई२ म्हणजे वारंवार दव किंवा जास्त प्रदूषण. २०१८ च्या आवृत्तीत ई३ आणि ई४ हे वरचे वर्ग आले. २००४ च्या आवृत्तीत ई२ च्या दवाच्या चाचणीला वापरायच्या पाण्याची वाहकता (वीज वाहून नेण्याची क्षमता) दर मीटरला ०.५ ते १.५ सीमेन्स होती. समुद्राच्या पाण्याची साधारण ५ असते. म्हणून जुनं ई२ चं प्रमाणपत्र दाखवून कुणी "समुद्रावर चालेल" म्हटलं तर कोणती आवृत्ती, कोणती चाचणी, हे विचारा.

बाकीचं थोडक्यात. जहाज डोलतं, २२.५ अंशांपर्यंत कलतं असं धरून डिझाइन करतात, म्हणून कॉइल दाबणारे बोल्ट दर तपासणीत टॉर्क रेंचने बघा. नटबोल्ट एसएस ३१६ चे, कारण त्यातलं मॉलिब्डेनम क्लोराइडला तोंड देतं, ३०४ ला वर्षभरात तांबूस डाग पडतात. ॲल्युमिनियमच्या टर्मिनलवर तांब्याचा लग (केबलच्या टोकाचा कडीदार तुकडा) थेट कसू नका, कथिल चढवलेला लग आणि बायमेटल वॉशर वापरा. पत्र्याच्या धारदार कडा रंग देण्याआधी घासून गोल करा, धारेवर रंग कधीच टिकत नाही.

टगच्या त्या ट्रान्सफॉर्मरने आता एक पावसाळा काढला आहे. इलेक्ट्रिशियन दर थांब्यानंतर ब्रेकर देण्याआधी मेगर घेतो आणि आकडा, तापमान, आर्द्रता असा तीन गोष्टींचा फोटो मला पाठवतो. सगळ्यात खालचा आकडा ८५ मेगओहम होता, तोही सहा दिवसांच्या थांब्यानंतर, आर्द्रता ८८ टक्के असताना. ५० च्या खाली आला तर हीटर रात्रभर चालवून पुन्हा मेगर, तरीही चढला नाही तर टीडीएसची पुसणी, असं आमचं ठरलं आहे. फिल्टर तो महिन्याला गोड्या पाण्यात धुतो.

आणि दुरुस्तीला पाठवणार असाल तर एक विनंती. पाठवण्याआधी ट्रान्सफॉर्मर पुसू नका, स्प्रे मारू नका, लालही रंगवू नका. आहे तसा प्लास्टिकमध्ये गुंडाळून पाठवा, आणि सोबत पेटी जिथे बसवली होती त्या जागेचे, तिच्या वरच्या बाजूचे आणि हीटरच्या वायरिंगचे फोटो.